भूरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपकरणे कशी शिकवावीत?

यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या गावच्या विंधन विहिरीचे पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत येते. बाटलीवर गावाचे नाव, विहिरीचे ठिकाण व दिनांक लिहिलेला असतो. पाणी दिसावयास निर्मळ, चवीला गोड आणि गंधहीन असते. त्यात काही वावगे असावे, अशी शंकाही येत नाही. प्रयोगशाळेतील उपकरण मात्र त्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, हे एका आकड्याने सांगते. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उद्भव उपलब्ध नसेल तरच ते १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, अशी मर्यादा आहे. तेव्हा आकडा १.४ आला तर हातपंप चालू राहू शकतो, १.६ आला तर पिण्यासाठी दुसऱ्या पाण्याची सोय पाहावी लागते.

हा आकडा चुकला तर काय होते? खरे प्रमाण जास्त असून आकडा कमी आला, तर गावातील मुलांच्या दातांवर डाग पडू लागतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेल्यास हाडे व सांधे जखडतात. उलट खरे प्रमाण कमी असून आकडा जास्त आला, तर चांगला पंप बंद होतो आणि गावातील स्त्रियांच्या डोईवरचा हंडा आणखी दूरवरून आणावा लागतो. दोन्ही चुकांची किंमत गावालाच मोजावी लागते. हा आकडा काढणारा तरुण कालपरवापर्यंत कोणत्या तरी महाविद्यालयात रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र शिकत होता. तेथे त्याला उपकरण कसे शिकविले गेले, यावर त्या आकड्याची विश्वासार्हता अवलंबून असते. म्हणूनच पदवी वर्गातील उपकरणांच्या शिक्षणाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

यंत्र म्हणजे तुलनेचे साधन

भूरसायनशास्त्र म्हणजे खडक, माती, पाणी व खनिजे यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण आणि त्यांचे स्थलांतर यांचा अभ्यास. या शास्त्राची बहुतेक विधाने मोजमापावर उभी असतात. प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र अनेकदा असे घडते, की यंत्र अगोदरच सुरू करून ठेवलेले असते, विद्यार्थी नमुना ठेवतो, कळ दाबतो, आकडा वहीत उतरवितो आणि दुसऱ्यासाठी जागा करून देतो. यात त्याने उपकरण पाहिले असे म्हणता येईल. तो उपकरण शिकला असे म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट बिंबविली पाहिजे. ती अशी, की कोणतेही विश्लेषण-यंत्र मूलद्रव्याचे प्रमाण थेट जाणत नाही. ते विद्युतदाब, प्रकाशाची तीव्रता किंवा कणांची संख्या टिपते. या संकेताचे प्रमाणात रूपांतर करावयाचे, तर ज्याचे प्रमाण ठाऊक आहे अशा द्रावणाशी त्याची तुलना करावी लागते. वाण्याच्या तराजूचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात धान्य. तराजू कितीही चांगला असला तरी वजनच खोटे असेल, तर माप खोटे ठरते. म्हणून तर वजनांची नियमित तपासणी होऊन त्यांवर शिक्का मारला जातो. प्रयोगशाळेतील प्रमाण द्रावण हे असेच शिक्क्याचे वजन होय. ते विद्यार्थ्याने स्वतः तयार केल्याखेरीज उपकरणाचा पाठ सुरू झाला असे मानू नये.

फ्लोराइड इलेक्ट्रोडचा पाठ

आरंभासाठी फ्लोराइड इलेक्ट्रोडसारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. लँथेनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा हा इलेक्ट्रोड १९६६ साली फ्रँट व रॉस या शास्त्रज्ञांनी पुढे आणला. त्याची किंमत मोठ्या यंत्रांच्या मानाने अल्प असून उपकरण-विश्लेषणाची जवळजवळ सर्व तत्त्वे त्यात आढळतात.

प्रथम विद्यार्थ्याने १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळविलेले ०.२२१ ग्रॅम सोडियम फ्लोराइड तोलून त्याचे ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर द्रावण करावे. त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असते. २.२१ भाग मिठात १ भाग फ्लोराइड का, हे त्याने अणुभारांवरून स्वतः काढावे. द्रावण काचेच्या बाटलीत न ठेवता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे. त्यापासून ०.२, ०.५, १, २, ५ व १० मिलिग्रॅमची प्रमाण द्रावणे करावीत, प्रत्येकाचा विद्युतदाब नोंदवावा आणि प्रमाणाच्या लॉगरिथमशी त्याचा आलेख काढावा. आलेख सरळ रेषेत येतो. २५ अंश सेल्सिअसला फ्लोराइड दहापट झाले, की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरतो.

आता विद्यार्थ्याला एक साधे गणित घालावे. १.४ आणि १.६ मिलिग्रॅम यांच्या दाबांत अंतर किती? उत्तर येते सुमारे ३.४ मिलिव्होल्ट. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे प्रमाणात जवळजवळ ४ टक्क्यांची चूक. ज्या अंतरावर हातपंपाचा निर्णय होतो ते इतके सूक्ष्म आहे, हे स्वतःच्या आलेखावर पाहिले, की वाचन स्थिर होईपर्यंत थांबणे, इलेक्ट्रोड दर वेळी धुऊन टिपणे, प्रमाण द्रावण व नमुना एकाच तापमानाला ठेवणे, या गोष्टी केवळ शिस्तीच्या राहत नाहीत. विदर्भातील उन्हाळ्यात प्रयोगशाळेचे तापमान ३५ अंशांवर गेले, तर तीच उतरण ५९ ऐवजी ६१ मिलिव्होल्ट होते. सकाळी काढलेला आलेख दुपारी तसाच वापरावयाचा की नाही, याचा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. मापनापूर्वी नमुन्यात समभाग प्रतिरोधक द्रावण मिसळावयाचे असते. ते सामू ५ ते ५.५ च्या आसपास राखते आणि फ्लोराइडला धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियम व लोह यांना बाजूला सारते. विद्यार्थ्याने ज्ञात फ्लोराइडच्या पाण्यात थोडी तुरटी विरघळवून ते एकदा या द्रावणाविना व एकदा द्रावणासह मोजावे. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार असल्याने पहिल्या वेळी फ्लोराइड कमी भासते. पाण्यात फ्लोराइड असूनही इलेक्ट्रोडला ते दिसत नाही. तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे. अशा प्रक्रियेनंतरच्या पाण्याची तपासणी करणाऱ्यास हा धडा किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्योतीचा रंग

पुढचा टप्पा प्रकाशाचा. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किरखोफ यांनी ज्योतीत तापविलेल्या द्रव्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत बसविली आणि १८६० साली ड्युर्कहाइम येथील खनिजयुक्त पाण्यात सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधून काढले. हाच बुन्सेन १८४६ साली आइसलँडला जाऊन तेथील ज्वालामुखी खडकांचा व उष्णोदकाच्या झऱ्यांचा अभ्यास करून आला होता. प्रकाशाच्या विश्लेषणाचे भूरसायनशास्त्राशी असलेले नाते असे जुने आहे.

अनेक महाविद्यालयांत आढळणारा ज्वालाप्रकाशमापक त्याच तत्त्वावर चालतो. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरला, तर पोटॅशियमचा गडद तांबडा प्रकाश सुमारे ७६६ नॅनोमीटरला मिळतो. येथे शिक्षकाने एक छोटी गंमत करून दाखवावी. शुद्ध पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या टोकाला विद्यार्थ्यास नुसते बोट लावू द्यावे. बोटावरील घामातील मिठामुळे सोडियमचे वाचन एकदम वर उसळी घेते. हात कोठे लागू नयेत, हे त्याला त्यानंतर पुन्हा सांगावे लागत नाही.

याच पाठाचा उत्तरार्ध म्हणजे अणुशोषण वर्णपटमापक. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेल्या या पद्धतीत ज्योतीतील अणू किती प्रकाश बाहेर टाकतात, हे न पाहता किती प्रकाश गिळतात, हे पाहिले जाते. ज्या मूलद्रव्याचा शोध घ्यावयाचा, त्याच मूलद्रव्याच्या दिव्याचा प्रकाश ज्योतीतून सोडतात. तांब्यासाठी तांब्याचा दिवा आणि जस्तासाठी जस्ताचा दिवा कशासाठी, या एका प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यास नीट देता आले, तर यंत्राचे मर्म त्याच्या हाती आले असे समजावे.

हिशेब जुळतो काय?

उपकरणाने दिलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची काही साधने खुद्द निसर्गानेच देऊन ठेवली आहेत. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते. म्हणून त्यातील धन आयनांची बेरीज ऋण आयनांच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. सरावासाठी पुढील उदाहरण घेता येईल. एका लिटर पाण्यात कॅल्शियम ६० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २४.३, सोडियम ४६ व पोटॅशियम ३.९ मिलिग्रॅम आहे. मिलितुल्यभारांत हे अनुक्रमे ३, २, २ व ०.१ होतात, एकूण ७.१. त्याच पाण्यात बायकार्बोनेट ३०५ मिलिग्रॅम, क्लोराइड ३५.५ व सल्फेट ४८ मिलिग्रॅम आहे. हे होतात ५, १ व १, एकूण ७. दोन्ही बेरजांतील फरकाला त्यांच्या एकूण बेरजेने भागले, तर तफावत १ टक्क्याहूनही कमी येते.

आता अनुमापनात चूक होऊन बायकार्बोनेट ३०५ ऐवजी २४४ नोंदले गेले, असे समजू. ऋण आयनांची बेरीज ६ वर येते आणि तफावत ८ टक्क्यांवर जाते. साधारणपणे ५ टक्क्यांपर्यंतची तफावत ग्राह्य धरतात. तेव्हा हे विश्लेषण परत करावयास हवे. खडकांच्या विश्लेषणातही सर्व ऑक्साइडांची व तापविल्यावर होणाऱ्या घटीची बेरीज १०० टक्क्यांच्या जवळपास यावी लागते. मात्र दोन चुका परस्परांना झाकूनही बेरीज जुळू शकते, हेही विद्यार्थ्यास सांगावे. जमाखर्च जुळला म्हणजे प्रत्येक नोंद खरी असतेच, असे नाही.

एकच दगड, अनेक उत्तरे

विश्लेषण-शास्त्राच्या इतिहासातील एक प्रसंग प्रत्येक वर्गात सांगण्याजोगा आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने ऱ्होड आयलंडमधील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील डायाबेस अशा दोन खडकांची पूड करून ती अनेक प्रयोगशाळांकडे विश्लेषणासाठी पाठविली. जी-१ व डब्ल्यू-१ या नावांनी हे नमुने प्रसिद्ध आहेत. १९५१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एकाच पुडीसाठी नामांकित प्रयोगशाळांनी दिलेल्या आकड्यांत अपेक्षेहून बरीच तफावत असल्याचे दिसून आले. प्रत्येक प्रयोगशाळेला आपल्या कामाची खात्री होती; तरी आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पुनःपुन्हा तेच उत्तर येणे निराळे आणि बरोबर उत्तर येणे निराळे. एखादे घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे मागे असेल, तर ते नियमित आहे. पण बरोबर नाही. दुसरी गोष्ट अशी, की आपले काम बरोबर आहे की नाही, हे जोखण्यासाठी ज्याचे प्रमाण सर्वमान्य झाले आहे असा संदर्भ-खडक हाताशी हवा. दख्खनच्या बेसाल्टवर काम करणाऱ्यांस हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीच्या लाव्हापासून केलेला बीएचव्हीओ-२ हा नमुना सोयीचा पडतो. त्यात सिलिका सुमारे ४९.९ टक्के आहे. हा नमुना नाव न सांगता विद्यार्थ्यांच्या नमुन्यांत मिसळावा आणि त्याचे उत्तर किती आले, यावरून दिवसभराच्या कामाची पारख करावी.

यंत्रापूर्वीच्या चुका

नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच कितीतरी चुका घडून गेलेल्या असतात. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट भरलेले असतात आणि उघड्या पृष्ठभागावर झिजलेला, तांबूस थर असतो. असा तुकडा उचलला, तर विश्लेषण लाव्हाचे न होता नंतर आलेल्या पाण्याच्या करणीचे होते. दळण्याच्या भांड्याचाही अंश पुडीत उतरतो. पोलादामुळे लोह व क्रोमियम, तर टंगस्टन कार्बाइडमुळे टंगस्टन व कोबाल्ट वाढते. अकीकाचे भांडे हळू काम करते, पण ते त्या मानाने स्वच्छ असते. ज्या मूलद्रव्याचा शोध घ्यावयाचा, ते भांड्यात नाही ना, हा प्रश्न दळण्याआधी विचारावा.

म्हणूनच प्रत्येक तुकडीसोबत एक कोरा नमुना, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत 'ब्लँक', चालवावा लागतो. त्यात खडक सोडून बाकी सर्व काही असते. तीच आम्ले, तीच भांडी व तीच हाताळणी. क्लेअर पॅटरसन यांची हकीकत येथे सांगावी. उल्केतील शिसे मोजताना हवेतील, धुळीतील व भांड्यांतील शिसे नमुन्यात मिसळते, हे ध्यानात येताच त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारण्याचा ध्यास घेतला. १९५६ साली त्यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. जे शिसे त्यांच्या कामात अडथळा म्हणून आले, त्याचाच माग काढीत त्यांनी १९६५ साली मानवी परिसरातील शिशाच्या प्रदूषणाचा इशारा दिला. कोऱ्या नमुन्याकडे दुर्लक्ष केले असते, तर यांपैकी एकही निष्कर्ष हाती आला नसता.

महागडी उपकरणे आणि लहान महाविद्यालये

क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र किंवा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मावर चालणारा वस्तुमान-वर्णपटमापक प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही. तथापि ही यंत्रे शिकविण्यासाठी ती मालकीची असलीच पाहिजेत, असे नाही. विद्यार्थ्यांनी नमुना स्वतः गोळा करावा, दळावा, लिथियम बोरेटबरोबर वितळवून त्याची काचमणी करण्याची कृती प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली पाहावी, आणि मग विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या यंत्रावर त्याचे मापन व्हावे. परत आलेल्या आकड्यांची छाननी पुन्हा विद्यार्थ्यांनीच करावी. खडक विरघळविण्यास लागणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. त्याची इजा आरंभी जाणवत नाही आणि ती जीवघेणी ठरू शकते.

मोठे यंत्र चुका करीत नाही, हा समज वेळीच दूर करावा. प्लाझ्मातील ४० वस्तुमानाचा आर्गॉन आणि नमुन्यातील ३५ वस्तुमानाचे क्लोरीन एकत्र आले, की ७५ वस्तुमानाचा कण तयार होतो. आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५ च आहे. खबरदारी न घेतल्यास खाऱ्या विहिरीच्या पाण्यात नसलेले आर्सेनिक दिसू लागते. हे टाळण्याची सोय आधुनिक यंत्रांत असते. परंतु ती वापरावयाची केव्हा, हे माणसालाच ठरवावे लागते.

या श्रमांचे फळ काय, हे दाखविण्यास आपला सह्याद्री समर्थ आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना दोन्ही बाजूंस दिसणारे काळ्या लाव्हाचे थर डोळ्यांना सारखेच वाटतात. १९८० च्या दशकात टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या मोजमापावरून भूरसायनशास्त्रज्ञांनी या थरांची निरनिराळ्या शैलसमूहांत विभागणी केली. बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपल्या परिचयाची नावे त्यामुळे जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत गेली. बुशे समूहाच्या लाव्हात वर येताना कवचातील खडकाची भेसळ झाली आणि आंबेनळी समूहात ती सर्वांत कमी, हे रासायनिक विश्लेषणानेच कळले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या घटनेची साक्ष दर दशलक्ष भागांत काही भाग अशा सूक्ष्म प्रमाणांत दडलेली आहे. यंत्राचा आकडा डळमळीत असता, तर हे थर वेगळे करताच आले नसते.

परीक्षा कशी घ्यावी?

प्रात्यक्षिक परीक्षेत यंत्राची आकृती व भागांची नावे विचारण्याची पद्धत रूढ आहे. तिच्या जोडीला प्रत्येक विद्यार्थ्यास एक अज्ञात नमुना द्यावा आणि उत्तरासोबत चार गोष्टी मागाव्यात : प्रमाण आलेख, कोऱ्या नमुन्याचे वाचन, एकाच नमुन्याची निदान तीन वाचने आणि उत्तरातील संभाव्य चुकीचा अंदाज. केवळ '१.५' असे लिहिणाऱ्यापेक्षा '१.५, अधिक-उणे ०.१' असे लिहून त्याचे कारण सांगणाऱ्यास अधिक गुण मिळावेत. पुस्तकातील उत्तराशी आकडा जुळविण्यासाठी वाचनात खाडाखोड करण्याची सवय याच वयात लागते आणि याच वयात ती मोडताही येते. जुळत नसलेला आकडा वहीत जसाच्या तसा ठेवून त्याची मीमांसा करणारा विद्यार्थी गुणांस पात्र आहे, हे परीक्षकांनी आपल्या वागणुकीतून दाखवून द्यावे.

प्रमाण द्रावणे करणे, ब्लँक चालविणे, आयनांचा हिशेब जुळविणे यांस फारसा खर्च येत नाही. त्यांना वेळ आणि शिक्षकाचे लक्ष लागते. एका सत्रात दहा यंत्रे दुरून दाखविण्यापेक्षा दोन यंत्रे हाताने उघडून, बिघडवून व पुन्हा जुळवून शिकविली, तर अकरावे यंत्र विद्यार्थी स्वतः शिकून घेईल. उद्या तोच एखाद्या जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बसलेला असेल आणि त्याच्यासमोर कोणत्या तरी गावची बाटली असेल. पडद्यावर आकडा उमटल्यावर तो लगेच अहवालात न लिहिता त्याने प्रमाण द्रावण आणखी एकदा तपासून पाहिले, तर महाविद्यालयातील त्या तासांचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.